कोऱ्या अर्जावर सही केली म्हणून सुटका होत नाही

ताळेबंद:
परवा इथे एका सदस्याने आपल्या मेहुण्याची हकीकत लिहिली होती. मेहुण्याने गृहकर्जाच्या कोऱ्या अर्जावर सह्या केल्या, एजंटने खोटी सॅलरी स्लिप आणि खोटा फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा, म्हणजे टीडीएसचा दाखला) जोडला, पुढे हप्ते थकले आणि आता बँकेने पोलिसात तक्रार दिली आहे. खाली एकजात "बिचारा", "गरीबच सापडतो" असे प्रतिसाद. दोन दिवस गप्प बसलो, पण ते डोक्यातून जाईना.

मी २२ वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली. त्या हकिकतीत लिहिलंय की मेहुण्याचा पगार ३८ हजार आणि कर्ज ४० लाख. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता जवळपास ३४ हजार ७०० होतो. उरलेल्या तीन-साडेतीन हजारांत घर कसं चालणार होतं, हा प्रश्न त्या माणसाला एकदाही पडला नाही? अर्ज इंग्रजीत होता हे मान्य. पण स्वतःचा पगार किती, हे कळायला इंग्रजी लागत नाही.

आणि "कागद एजंटने बनवले" याने फार काही वाचत नाही. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्यात फसवणूक कलम ३१८, बनावट दस्तऐवज कलम ३३६. पण लोक कलम ३४० विसरतात. कागद खोटा आहे हे माहीत असून तो खरा म्हणून पुढे केला, तर शिक्षा बनवणाऱ्याइतकीच. सही तुमची, कर्जाचा फायदा तुमचा, मग जबाबदारी तेवढी एजंटची कशी?

वनिता_कल्याण:
ताळेबंद साहेब, तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला बसलात, म्हणून तुम्हाला फक्त सही दिसते. माझा दादा सातवी शिकलेला, कंपनीत ड्रायव्हर. २०१९ मध्ये बिल्डरच्या साइट ऑफिसात बसवून त्याच्याकडून सह्या घेतल्या. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारून ठेवलेल्या. बँकेचा माणूस तिथेच चहा पीत बसला होता, पगार किती हे त्याने तोंडाने विचारलं नाही. व्हेरिफिकेशनवाला घरी आला, त्याने खाली वॉचमनला नाव विचारलं आणि गेला. दादाला वाटलं, बँकेने कर्ज दिलं म्हणजे आपल्याला झेपणारच, हिशेब त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो. त्याचा विश्वास होता हो बँकेवर! तो गुन्हा?

आमच्याकडच्या, कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं बघा. खोट्या बांधकाम परवानग्या दाखवून रेराची नोंदणी मिळवली, हायकोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडायला सांगितल्या. तिथेही लोकांनी बँकेचं कर्ज काढून घरं घेतली. टायटल सर्चची, म्हणजे मालकीचे कागद तपासण्याची फी आमच्याकडून, व्हॅल्युएशनची फी आमच्याकडून, प्रोसेसिंग फी आमच्याकडून. बँकेच्या वकिलाला जे दिसलं नाही ते रिक्षावाल्याला दिसायला हवं होतं का?

ताळेबंद:
वनिताताई, दोन गोष्टी एकत्र करू नका. त्या ६५ इमारतींतले लोक फसवले गेले. महापालिकेचा परवाना खोटा आहे हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. त्यांच्यासाठी मोर्चा निघाला तर मी येईन. मी बोलतोय ते स्वतःच्या उत्पन्नाबद्दल खोटं बोलणाऱ्यांविषयी.

किराणावाला:
पगार, पगार, पगार. ज्याला स्लिप नाही त्याने घर घ्यायचंच नाही का? माझं दुकान २३ वर्षांचं. महिन्याला ६०-६५ हजार सुटतात, आजवर एका व्यापाऱ्याचं बिल थकवलं नाही. बँकेत गेलो तर साहेब म्हणाला, तीन वर्षांचे रिटर्न आणा. रिटर्नमध्ये तेवढं उत्पन्न नाही, म्हणून परत पाठवलं. बाहेर पडलो तर पायरीवर एजंट उभा, "शेठ, रिटर्न आपण बसवू." मी नाही गेलो त्याच्याकडे. पण जो जातो तो चोर नाही. त्याची कमाई खरी असते, कागद खोटा असतो.

पगारदार_पुणे:
कमाई खरी होती तर रिटर्नमध्ये का नव्हती? आमचा टीडीएस पगार हातात पडायच्या आधी कापला जातो. तुम्ही कर भरायचा नाही आणि कर्ज मात्र आमच्याइतकं हवं. सरकारला दाखवायचं उत्पन्न वेगळं, बँकेला दाखवायचं वेगळं, यातलं एक तरी खोटं असणारच ना!

किराणावाला:
तोंड सांभाळून बोला. मी नाही गेलो हे वर लिहिलंय. आता तुम्ही सांगा, फ्लॅट घेताना बिल्डरला वरचे किती दिलेत? करारनाम्यात किती आणि रोख किती?

पगारदार_पुणे:
त्याचा इथे काय संबंध?

किराणावाला:
संबंध आहे. आकडा सांगा.

पगारदार_पुणे:
२०१४ मध्ये सहा लाख रोख दिले. बायकोचे दागिने मोडून. बिल्डर म्हणाला, नाहीतर फ्लॅट दुसऱ्याला देतो. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी दिले. पर्यायच नव्हता.

किराणावाला:
मेहुणाही हेच म्हणतोय की, "पर्याय नव्हता". तुम्ही स्टॅम्प ड्युटी बुडवली, करारनाम्यावर खोटी किंमत लिहून सही केली, तीही सब-रजिस्ट्रारसमोर अंगठा देऊन. त्याने पगार वाढवून लिहिला, तुम्ही किंमत कमी लिहिली. मग तो आरोपी आणि तुम्ही फिर्यादी कसे?

पगारदार_पुणे:
माझ्यामुळे बँकेचा एक रुपया बुडाला नाही. आजवर एक हप्ता चुकला नाही. एवढा फरक तरी धराल की नाही? बाकी चूक झाली, हे मान्य.

वहीखातं:
सीए म्हणून किराणावाल्यांना एक सांगतो. रिटर्न कमी भरलेलं असेल तर २०२२ पासून अपडेटेड रिटर्नची सोय आहे. जादा कर पडतो, पण मार्ग सरळ आहे. "रिटर्न बसवू" म्हणणारा मात्र नसलेल्या धंद्याचा ताळेबंद तयार करतो. तो रस्ता नको.

ताळेबंद साहेबांना आता एक प्रश्न. फॉर्म १६ चा भाग अ आयकर खात्याच्या ट्रेसेस पोर्टलवरून निघतो. त्यातला टीडीएस २६एएसशी, म्हणजे खात्याकडच्या कराच्या नोंदींशी जुळवायला पाच मिनिटं लागतात. स्लिपवर पीएफ कापलेला असेल तर यूएएनचं, म्हणजे पीएफ खात्याचं पासबुक मागता येतं. ज्या शाखेने यातलं काहीच पाहिलं नाही, तिला फसलेली कसं म्हणायचं? डीएचएफएल ही गृहकर्ज देणारी कंपनी आठवा. सीबीआयने २०२१ मध्ये गुन्हा नोंदवला, आरोप असा की अस्तित्वात नसलेल्या वांद्रे शाखेत अडीच लाखांहून जास्त खोटी गृहकर्ज खाती दाखवली आणि पंतप्रधान आवास योजनेचं व्याज अनुदान लाटलं. तिथे तर कर्जदारच नव्हते!

जामीनदार_पुन्हा_नाही:
सगळे कर्जदाराबद्दल बोलताय, जामीनदाराचं कुणी नाव काढत नाही. मित्राच्या पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलो. त्याने धंदा दाखवला तो धंदाच नव्हता. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला आणि वसुली माझ्या पगारातून, चार वर्षं. मुलीची फी भरायला मी दुसरं कर्ज काढलं. तो मित्र लग्नकार्यात भेटतो, "काय म्हणतोस" विचारतो. त्याला कुणी बिचारा म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

एडिसनकर:
आमच्याकडे न्यू जर्सीत कर्जाच्या अर्जावरच छापलेलं असतं की खोटी माहिती हा केंद्रीय गुन्हा आहे. कायद्यात ३० वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख डॉलरपर्यंत दंड आहे. तरी २००८ च्या आधी उत्पन्नाचा पुरावा न मागता कर्जं वाटली, त्यांना सगळे उघडपणे 'लायर लोन', म्हणजे खोटारड्यांची कर्जं म्हणत. घरं गेली सामान्यांची. बँक ऑफ अमेरिकेने २०१४ मध्ये १६.६५ अब्ज डॉलरवर सरकारशी तडजोड केली. कडक कायदा होता म्हणून लोक खोटं बोलायचे थांबले नाहीत, कारण समोरच्याला ते खोटं हवंच होतं.

ताळेबंद:
वहीखातं, उत्तर देतो. शाखा फसलेली नसते. मार्चचं टार्गेट असतं आणि फाइल बघायची नसते. मला हे माहीत आहे, कारण २०११ च्या मार्चमध्ये मी स्वतः एक फाइल पास केली. स्लिपवरचे आकडे वेगळ्या टाइपात होते. दिसलं होतं. वरिष्ठ म्हणाले, पुढे जाऊ द्या. दोन वर्षांत खातं थकून एनपीए झालं, सरफेसीची (तारण ठेवलेलं घर ताब्यात घेण्याच्या कायद्याची) साठ दिवसांची नोटीस गेली आणि ताबा घ्यायला मलाच पाठवलं. कर्जदाराच्या बायकोने दोन पिंपं पाण्याने भरून ठेवली होती, दुसऱ्या दिवशी पाणी येणार नव्हतं म्हणून. ती पिंपं ओतून बाहेर काढावी लागली. माझ्यावर काहीही कारवाई झाली नाही. व्हायला हवी होती. गुन्ह्यात शाखेतल्या माणसाचंही नाव असावं, हे मी मान्य करतो. आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

पण म्हणूनच कर्जदाराला मोकळं सोडायला मी तयार नाही. खोटी स्लिप बँकेला बुडवते त्याच्या कितीतरी आधी हप्त्याचं गणित बिघडवते, आणि ते घरातल्यांना भोगावं लागतं. त्या बाईला नवऱ्याने अर्जात पगार किती दाखवलाय हे सांगितलंच नव्हतं.

वनिता_कल्याण:
हे तुम्ही धाग्याच्या सुरुवातीला लिहायला हवं होतं.

दादालाही बँकेचं पत्र आलंय. खातं फ्रॉड का ठरवू नये, असं विचारलंय. काय करायचं?

ताळेबंद:
उत्तर द्यायला २१ दिवसांपेक्षा कमी मुदत देता येत नाही, २०२४ चे रिझर्व्ह बँकेचे तसे निर्देश आहेत. पत्रावरची तारीख बघा. गप्प बसू नका. मूळ अर्ज, करार आणि जोडलेल्या सगळ्या कागदांच्या प्रती लेखी मागा आणि तुमच्या मागणीपत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अर्जातला पगाराचा आकडा कुणाच्या हस्ताक्षरात आहे ते पाहा. दादाचं नसेल तर तसं लिहून द्या. एजंटचं नाव, साइट ऑफिस, तिथे बसलेला बँकेचा माणूस, आठवतंय ते सगळं लिहा. उत्तर पाठवण्याआधी वकिलाला दाखवा. आणि अर्जात पगार किती लिहिलाय हे दादाला तेव्हा माहीत होतं की नाही, हे त्याला एकदा तुम्हीच विचारा. वकीलही तेच विचारणार.

वनिता_कल्याण:
पत्र येऊन नऊ दिवस झालेत. सोमवारी रजा टाकून बँकेत जाते. दादाला आज रात्री विचारते. धाग्याचं नाव मात्र मला अजूनही पटलेलं नाही.