सॅन फ्रान्सिस्कोत चौघी, तीन रात्री, एक दुखरा गुडघा: सल्ला हवा

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही चौघी कऱ्हाडच्या शाळेतल्या मैत्रिणी, सगळ्यांनी पन्नाशी ओलांडलेली. मी सध्या सॅन होजेला लेकीकडे आलेय. बाकीच्या डॅलस, न्यू जर्सी आणि टोरांटोहून येतील. नवरे-पोरं सोडून पहिल्यांदाच जमतोय. जुलैचा दुसरा आठवडा, शुक्रवार ते सोमवार. बजेट विमान सोडून माणशी ५०० डॉलर, राहणं-खाणं त्यातच. न्यू जर्सीवालीचा गुडघा चढावर कुरकुरतो, टोरांटोवाली अंडंसुद्धा खात नाही. भाड्याने गाडी घ्यावी का? काय सोडलं तर चुकल्यासारखं वाटणार नाही? आणि पाय न मोडता गोल्डन गेट पूल कुठून बघावा?

बे_एरियाकर
२००४ पासून इथे आहे, पन्नासेक पाहुणे तरी फिरवून झालेत. सरळ सात सीटर घ्या. शहराला अर्धा दिवस खूप झाला. शनिवारी पहाटे पाचला योसेमिटी नॅशनल पार्क, रविवारी मॉन्टेरे आणि सेव्हन्टीन माइल ड्राइव्ह, येताना वाटेत नापा. आमच्या पाहुण्यांपैकी कुणी आजवर तक्रार केलेली नाही.

खडूस_काका
मॉन्टेरेहून येताना वाटेत नापा? म्हणजे कोल्हापूरहून पुण्याला येताना वाटेत नाशिक. पाहुणे तक्रार कशी करतील, गाडीत झोपलेले असणार.

गुळांबा
गाडी अजिबात नको!! आम्ही अलामो स्क्वेअरला त्या रंगीत घरांपुढे फोटो काढायला उतरलो. मोजून दहा मिनिटं. परत येतो तर मागची काच फुटलेली, दोन बॅगा गायब, एकीत नवऱ्याचा पासपोर्ट. बाकरवडीचा पुडा तेवढा सीटवर ठेवून गेले. पुढचे दोन दिवस फोनवर. गाडी घेतलीतच तर आत चार्जरची वायरसुद्धा दिसू देऊ नका, आणि डिकीत सामान ठेवायचं असेल तर निघतानाच ठेवा, तिथे पोचून सगळ्यांदेखत नाही.

रेशीमगाठ
फेअरमाँटला राहा, नॉब हिलवर. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला यांनी बुक केलं होतं. १९०७ सालचं हॉटेल आहे, काय ती लॉबी! एकदाच जातो आपण, पैशाकडे बघू नये.

कृष्णाकाठ
ताई, छान असणारच, पण माणशी ५०० म्हटलंय हो मी.

स्वेटरवाली
जुलै म्हणजे उन्हाळा असं समजून जाऊ नका. मी लिननचे कुर्ते घेऊन गेले आणि फिशरमन्स वॉर्फवर कुडकुडत चौघांसाठी चार स्वेटशर्ट घेतले, त्यावर शहराचं नाव एवढं मोठं. तिथली निम्मी गर्दी तसेच स्वेटशर्ट घालून हिंडत असते, सगळे आपल्यासारखेच फसलेले. आतल्या खोऱ्यात ऊन तापलं की गार समुद्रावरचं धुकं गोल्डन गेटच्या फटीतून आत ओढलं जातं. सॅन होजेत एसी लावलेला असेल तेव्हा तिथे शेकोटी हवीशी वाटते. सप्टेंबर-ऑक्टोबरला जा, तेव्हा खरं ऊन पडतं.

कृष्णाकाठ
तारखा बदलणं शक्य नाही, तिकिटं झालीत. जॅकेट घेतो.

खडूस_काका
केबल कार चुकवू नका. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी रायगडचा रोपवे समजून आकाशाकडे बघत उभा होतो. केबल रस्त्याखाली असते! सतत फिरत राहते, ताशी साधारण १५ किलोमीटर. डब्यातला माणूस लांब दांड्याने ती चिमट्यात पकडतो की डबा निघाला, सोडली आणि ब्रेक लावला की थांबला. घोडे त्या चढावर घसरून मरायचे म्हणून हॅलिडी नावाच्या माणसाने १८७३ मध्ये हे सुरू केलं. पॉवेल स्ट्रीटला तासभर रांग असते, त्यापेक्षा कॅलिफोर्निया स्ट्रीटची लाइन पकडा. आणि वॉशिंग्टन-मेसनच्या कोपऱ्यावर केबल कारचं संग्रहालय आहे, फुकट. मोठमोठी चाकं गरगर फिरून सगळ्या शहराच्या केबल ओढताना दिसतात.

नुसताच_वाचक
+१. म्हणजे ट्रामच ना?

खडूस_काका
ट्राम नव्हे. मार्केट स्ट्रीटवरून वॉर्फकडे जाते ती एफ लाइन ट्राम आहे, वर विजेची तार असते. जुने डबे आहेत, मिलानचेसुद्धा. तिला बसचंच तिकीट चालतं. २०२३ मध्ये केबल कारच्या एका फेरीला आमचे माणशी ८ डॉलर गेले. वर लिहिलंय ते नीट वाचत चला.

नुसताच_वाचक
कोलकात्यातही ट्राम आहे.

मिलब्रे_स्टेशन
राहण्याबद्दल कुणी धड बोलत नाहीये म्हणून लिहितो. शहराबाहेर बार्टच्या (इथली लोकल रेल्वे) स्टेशनजवळ राहा, मिलब्रे किंवा डेली सिटीकडे. खोली स्वस्त पडते, पॉवेल स्ट्रीटला थेट गाडी आहे. शहरात मुनीचा (तिथली बस-ट्राम सेवा) एक किंवा तीन दिवसांचा पास घ्या, त्याला पासपोर्टच म्हणतात, त्यात केबल कारही येते. २८ नंबरची बस पुलाच्या तोंडाशी सोडते. ३९ नंबर कॉइट टॉवरच्या दारात, म्हणजे टेलिग्राफ हिलच्या पायऱ्या वाचल्या. क्रिसी फील्ड एकदम सपाट आहे, बाकावर बसून पूल बघता येतो. गुडघ्याला तेच उत्तम.

स्वेटरवाली
क्रिसी फील्डला वारा फार. जॅकेट न्याच.

आल्काट्राझ_रिटर्न
आल्काट्राझचं, म्हणजे बेटावरच्या जुन्या तुरुंगाचं, तिकीट आजच्या आज काढा. जुलैतली कित्येक आठवडे आधी संपतात. बोट पिअर ३३ वरून सुटते, ३९ वरून नाही. ३९ ला सी लायन्स पसरलेले असतात. आम्ही ३९ ला उभे राहिलो आणि बोट गेली. धक्क्यापासून तुरुंगापर्यंत चांगलाच चढ आहे, पण चालता न येणाऱ्यांसाठी छोटी विजेची गाडी असते, विचारा. १९६३ ला तुरुंग बंद झाला, पण कानाला लावून ऐकायचं जे देतात त्यात तिथल्या जुन्या कैद्यांचे आणि पहारेकऱ्यांचेच आवाज आहेत. अंगावर काटा येतो.

गुळांबा
आल्काट्राझचं तिकीट आधी काढा हं, संपतात.

इतिहासवेडा
इतके प्रतिसाद आले, पण परदेशातून स्वातंत्र्यासाठी लढलेला गदर पक्ष कुणाला आठवला नाही. त्यांच्या ‘गदर’ या पत्राचा पहिला अंक १ नोव्हेंबर १९१३ ला याच शहरातून निघाला. आपले पांडुरंग खानखोजे त्या मंडळींत होते, आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे. पिंगळे अमेरिकेतून उठावासाठी परत गेले, १९१५ मध्ये कर्तारसिंग सराभांबरोबर लाहोरला फाशी गेले. ५ वुड स्ट्रीटला गदर स्मारक आहे. रोज उघडं नसतं, आधी चौकशी करा. बंद असलं तरी दारात दोन मिनिटं उभ्या राहा.

बे_एरियाकर
वीस वर्षांत एकाही पाहुण्याने हे मागितलं नाही.

इतिहासवेडा
तुम्ही त्यांना नापाला नेत होतात.

पोटोबा
अंडं नको तर मिशन भागात जा. बीन्समध्ये लार्ड (डुकराची चरबी) आहे का एवढं विचारून भाज्यांचा बरिटो घ्या, एकात दोघींचं जेवण होतं. वॉर्फवर सगळे सावरडो ब्रेडच्या वाडग्यात सूप खाताना दिसतील, ते शिंपल्यांचं असतं, टोरांटोवालीला आधीच सांगा. पहिल्या दिवसासाठी दशम्या आणि चटणी न्या, कुणी काहीही म्हणो.

निवृत्त_मास्तर
गाडी घेतल्यास चढावर लावताना चाकं वळवून ठेवावीत. उतारावर तोंड असेल तर फुटपाथकडे, चढावर तोंड असेल तर रस्त्याकडे. तिथे तसा नियम आहे, दंड होतो.

रेशीमगाठ
पुलाला गोल्डन म्हणतात पण रंग लालच, मला फार निराशा झाली.

खडूस_काका
गोल्डन गेट हे खाली जी सामुद्रधुनी आहे तिचं नाव. पूल १९३७ चा, नाव त्याच्या कितीतरी आधीचं. रंग ऑरेंज.

रेशीमगाठ
आमच्या फोटोत लाल आलाय.

लोम्बार्ड_नको
त्या वळणावळणाच्या लोम्बार्ड स्ट्रीटवर गाडी घालायला तासभर रांग लावतात लोक. आठ वळणं! आपल्याकडे त्याला घाट म्हणायलाही कुणी तयार होणार नाही. बाजूच्या पायऱ्यांवरून बघा. गाडी नकोच. गुळांबांशी सहमत.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. काल चौघींचा व्हिडिओ कॉल झाला, हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. ठरलं असं की गाडी घ्यायची. डॅलसवाली म्हणाली, तिथे चढ म्हणजे फ्लायओव्हरचा, हात गंजले. खंबाटकी उतरलेल्या बाईला आठ वळणांची भीती कोण घालतंय? लोम्बार्ड ती स्वतः उतरणार. रागावू नका.

गुळांबा
काच फुटली की लिहा.

कृष्णाकाठ
जाऊन आलो! काच शाबूत आहे. आल्काट्राझची तिकिटं संपली होती (सांगितलं होतंत, हो). राहिलो मिलब्रेला, ते झकास झालं. क्रिसी फील्डला बाकावर पाऊण तास बसलो, पूल काही दिसला नाही, नुसता धुक्यातून भोंगा ऐकू येत होता. मग पुलापलीकडे बॅटरी स्पेन्सरच्या टेकडीवर गाडी घातली तर धुक्याच्या वर दोन मनोऱ्यांची टोकं तेवढी. तिथे कुणीच काही बोललं नाही बराच वेळ. दशम्याही तिथेच संपल्या. गुडघा चढावर गप्प होता, उतारावर ओरडला, हे डॉक्टरांनी सांगितलंच नव्हतं. केबल कारच्या संग्रहालयातून न्यू जर्सीवालीला निघायचं नव्हतं, चाकांपुढे बसूनच राहिली. वुड स्ट्रीटला दार बंद होतं, चौघी जरा वेळ उभ्या राहिलो. लोम्बार्डला पाऊण तास रांग आणि एक मिनिटात खाली.

आणि रशियन हिलवर परत आलो तर काचेवर दंडाची चिठ्ठी. चाकं सरळ. मास्तर, तुमचा प्रतिसाद मी मोठ्याने वाचला होता हो, पण तेव्हा सगळ्या रेशीमगाठताईंच्या लॉबीवर हसत होत्या. दंड चौघींत वाटला, बजेट ६२० ला गेलं.

स्वेटरवाली
जॅकेट नेली होती ना?

कृष्णाकाठ
तीन. चौथीने वॉर्फवर स्वेटशर्ट घेतला.

बे_एरियाकर
योसेमिटी राहिलंच म्हणजे.