[मंडळ-यादी] ट्यूबाची बॅग: तिकडून मागवू की रविवार पेठेत शिवून घेऊ?

प्रेषक: कोथरूडकर (कालपरवापर्यंत मिशिगनकर)
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये बिऱ्हाड गुंडाळून पुण्याला आलो, तरी मंडळाच्या ईमेल-यादीतून नाव काढू नका असं अध्यक्षांना सांगून ठेवलं होतं. ते इतक्या लवकर कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

लेक ट्यूबा, म्हणजे पितळेचं ते भलंमोठं फुंकवाद्य, वाजवते हे तुम्हाला माहीत आहेच. मंडळाच्या गणपतीत आरतीच्या मध्येच तिने एक ‘पों’ काढून पहिल्या दोन रांगा दचकवल्या होत्या. तिकडे शाळेने एक ट्यूबा शाळेत आणि एक घरी दिला होता, त्यामुळे चार वर्षांत पोरीने पाठीवरून काय नेलं असेल तर माउथपीस, म्हणजे ओठांना लावायचं तोंड. निघताना तिला स्वतःचा घेतला. जुनाच, तीन-चतुर्थांश मापाचा, बी-फ्लॅट सुराचा, चार रोटरी (फिरत्या) व्हॉल्व्हचा. कंटेनरमधून कडक पेटीत सुखरूप आला.

आता अडचण त्या पेटीचीच. ट्यूबासकट २१ किलो भरते आणि आमच्या लिफ्टमध्ये पेटी आणि माणूस एका वेळी मावत नाहीत. शनिवारची तालीम रुबी हॉलजवळ आहे. वनाझहून मेट्रो थेट जाते, पण पेटी घेऊन जिना कोण चढणार? म्हणून पाठीला लावायची मऊ बॅग हवी आहे. डिसेंबरात भाऊ येतोय, तो तिकडून आणेल म्हणतो. यजमानांचं म्हणणं, पुण्यात शिवून मिळत नाही असं जगात काही नाही. दोघांपैकी कोणाचं ऐकू?

ता. क. ‘बासरी का नाही दिली’ हे सासूबाईंनी विचारून झालं आहे.

---

प्रेषक: ॲन आर्बरचा बास
सोमवार, दुपार (आमची)

ताई, कोणाचंही ऐकण्याआधी टेप घ्या.

‘तीन-चतुर्थांश’, ‘चार-चतुर्थांश’ ही मापं चपलेच्या नंबरासारखी पक्की नाहीत. एका कारखान्याचा तीन-चतुर्थांश दुसऱ्याच्या चार-चतुर्थांशाएवढा निघतो. बॅगेच्या कागदावर काय छापलंय ते सोडा. वर्तमानपत्र अंथरा, ट्यूबा भोंग्यावर उभा करा, पेन्सिलने कड गिरवा आणि त्या वर्तुळाचा व्यास मोजा. मग कडेपासून बुडाच्या वळणापर्यंतची उंची. मग बूड सगळ्यात रुंद आहे तिथली रुंदी. शेवटी चाव्या आणि मागचे रोटर धरून एकूण जाडी. हे शेवटचं माप कोणी घेत नाही, आणि बॅग नेमकी तिथेच दाबते. रोटरी ट्यूबाला चाव्यांपासून रोटरपर्यंत बारीक दांडे असतात. त्यातला एक वाकला की व्हॉल्व्ह अर्धाच फिरतो आणि आपण आठवडाभर पोरीच्या ओठांना दोष देत बसतो.

सैल बॅगही वाईटच. आत ट्यूबा हलला की प्रत्येक पावलाला एक धक्का.

माझी पहिली बॅग जाहिरातीत फार देखणी होती. दुसऱ्या हिवाळ्यात, गाडी लावली होती तिथून हॉलकडे जाताना, खांद्याचा पट्टा शिवणीतून सुटला आणि वाद्य बुडावर आपटलं. बुडाच्या वळणात लिंबाएवढा पोचा. पट्टा शाबूत होता, बक्कलही शाबूत. पट्टा ज्या कापडाला शिवला होता ते कापडच फाटलं होतं. तेव्हापासून मी बॅग आधी उलटी करून आतून बघतो. पट्टा बॅगेच्या पूर्ण अंगावरून, खालून वळसा घालून गेलाय का, की दोन बोटं शिवून सोडून दिलाय? जोडावर चौकोन मारून आत फुली शिवलेली आहे का?

नंतर अंगठ्याची परीक्षा. अस्तरावरून फोम अंगठ्याने दाबा. अंगठा बुडाशी टेकला तर तो सोफ्याचा फोम. तो धक्का पुढे पाठवतो, अडवत नाही. घट्ट, बंद छिद्रांचा फोम हवा, निदान २० मिमी. आतून वाद्याच्या बाजूला पातळ मऊ थर असला तर उत्तम. भोंग्याची कड आणि बूड इथे दुप्पट. मधल्या भागाला कमी चालेल, तिथे नळ्याच नळ्यांना सांभाळतात.

तोंड कुठे आहे तेही बघा. काही बॅगा भोंग्याकडून उघडतात आणि ट्यूबा उशीच्या अभ्र्यात घालतात तसा आत सोडावा लागतो. रोटरी असेल तर दांडे अस्तरात अडकतात. कडेने पूर्ण उघडणारी बॅग रोटरीला सोयीची. चेन नायलॉनची, १० नंबरची, आणि तिच्या आतून कापडाची पट्टी हवी, नाहीतर लॅकरवर रोज एक ओरखडा.

इथे बऱ्या बॅगा दोनशे डॉलरच्या आसपास सुरू होतात. क्रॉनकाइट कंपनीच्या चामड्याच्या बॅगांचं लोक कौतुक करतात आणि ते खरंही आहे, पण पुण्याच्या जुलैत चामडं म्हणजे बुरशीला जेवणाचं आमंत्रण.

एक मात्र लक्षात असू द्या: विमानात सामानाला टाकायची तर मऊ बॅग कितीही भारी असली तरी नाही. पेटी विकू नका.

---

प्रेषक: खडकीचे काका
मंगळवार, सकाळी ६.०५

मुली,

मुलाकडे सहा महिने होतो तेव्हा या यादीत घातलं गेलं, त्यानंतर कोणी काढलं नाही. फौजी बँडात २६ वर्षं बास (म्हणजे ट्यूबाच) वाजवली. शिक्षण पचमढीच्या लष्करी संगीत शाळेचं.

आम्हाला बॅगा नव्हत्या. लाकडी खोके, आणि परेडला जाताना ट्रकमध्ये सतरंज्या. लग्नातले बँडवाले तर अजूनही टेम्पोत गादीवर टाकून नेतात, आणि मेरठच्या जली कोठीत बनलेलं वाद्य तसं वीस-वीस वर्षं नेतात. पोचे पडतात, सूर चालतो. तेव्हा पोचा पडला म्हणून पोरीवर ओरडू नको.

मला भीती पोच्याची नाही, ओलीची आहे. ट्यूबाची नळी सरळ केली तर १८ फूट. तासभर फुंकर मारल्यावर आत किती पाणी साठतं ते पोरीला विचार. ते न काढता बॅगेत कोंबलं, वर पावसाने बॅग भिजलेली, आणि तशीच शनिवार ते शनिवार कोपऱ्यात उभी. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तसं वाद्य आतून कळकतं. हिरवं दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून अस्तर मखमलीचं घेऊ नकोस. दुकानदार तेच पुढे करील, राजेशाही दिसतं ना! मखमल पाणी धरून ठेवते. पॅराशूटचं कापड घे, पुसलं की सुकतं. घरी आलं की वाद्य बाहेर काढायचं, बॅग पंख्याखाली उघडी ठेवायची. माउथपीस बाहेरच्या खिशात, तोही वेगळ्या पिशवीत. आत सुटा राहिला तर भोंग्याला आतून टोले देतो.

---

प्रेषक: सदाशिव पेठ (मुक्काम न्यू जर्सी)
मंगळवार

ही यादी दिवाळी पहाटेच्या तिकिटांसाठी काढली होती असं स्मरतं. असो.

विषय निघालाच आहे तर नोंद असावी: ट्यूबाचं पेटंट १८३५ सालचं, बर्लिनचं, वीप्रेख्त आणि मोरित्झ या जोडीचं. म्हणजे पेशवाई बुडून सतरा वर्षं झाली होती. शनिवारवाड्यावर हे वाजलेलं नाही, त्यामुळे मुलीला ‘परंपरा’ वगैरे सांगू नये.

बॅग शिवणारे रविवारात, बोहरी आळीच्या अंगाला. पट्ट्यासाठी मात्र नाना पेठेत सीट-कव्हरवाल्यांकडे जा आणि मोटारीच्या सीट बेल्टची पट्टी मीटरवर मागा. तो पट्टा फाटणार नाही. उत्तराची अपेक्षा नाही.

---

प्रेषक: कोथरूडकर
तीन आठवड्यांनी, रविवार

मंडळी, अहवाल.

मापं घेतली: भोंगा ३७ सेंमी, उंची ९१, बूड ३९, जाडी चाव्यांसकट ३३. भावाने पाठवलेल्या तीन बॅगांच्या मापांशी ताडून पाहिली. दोन बॅगा लांबीला बसत होत्या, जाडीला नाही. म्हणजे चौथं माप घेतलं नसतं तर आम्ही एक बॅग हौसेने आणून हौसेने परत केली असती.

मग ट्यूबा घेऊनच रविवारात गेलो, रिक्षातून, गोधडीत गुंडाळून. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं आणि शेवटी विचारलं, “ताई, बाळ झोपलंय का?”

बॅगवाले काका सत्तरीचे असतील. आजवर तबल्याची, बाजाच्या पेटीची, सतारीची कव्हरं शिवलेली, ट्यूबा पहिलाच. टेप हाताशी असून त्यांनी आधी वितीने मोजलं. मग ट्यूबा भोंग्यावर उभा करून कडेखाली बोट घातलं आणि म्हणाले, “सगळं वजन ह्या पत्र्याच्या कडेवर. खाली चुंबळ पायजे.” मला क्षणभर कळलंच नाही. डोक्यावर घागर ठेवायला असते तीच चुंबळ! घट्ट फोमची पट्टी वळून त्यांनी चार सेंटीमीटर जाडीचं कडं केलं आणि बॅगेच्या तळाला आतून शिवलं. भोंग्याची कड त्यात बसते. बॅग जमिनीवर ठेवली की दणका आधी चुंबळीला. ॲन आर्बरचे दादा, तुमच्या दोनशे डॉलरवाल्यांत हे असतं का ते बघून कळवा.

फोमवरून मात्र भांडावं लागलं. ते सोफ्याचाच लावत होते, “मऊ आहे, लागणार नाही.” मी अंगठा टेकवून दाखवला. त्यांनी स्वतःचा टेकवला, काही न बोलता पोऱ्याला दुसऱ्या दुकानात पाठवलं आणि काळा ईव्हीए, म्हणजे घट्ट, बंद छिद्रांचा फोम, आणवला. वर मॅटीचं कापड, आत पॅराशूट (मखमल तीन रंगांत दाखवून झाली होती), चेन १० नंबर, दोन रनर. शिवणावळ आणि सामान धरून ४,२०० रुपये.

पहिल्या खेपेला चाव्या अडकल्या. तिथे फोम कापून खळगा केला आणि वरून टोपीसारखा उंचवटा शिवला. दिसतो विचित्र, जणू बॅगेला गळू झालंय. लेकीला लाज वाटते. मला तोच भाग सगळ्यात आवडतो.

सदाशिव पेठ, सीट बेल्टची पट्टी आणली. फाटणार नाही हे खरं. पण गुळगुळीत इतकी की बक्कलमधून सरकते, आणि डेक्कनपर्यंत बॅग पोरीच्या मांडीपर्यंत उतरलेली असते. आता तिची उंची मोजून पट्टा कायमचा शिवून टाकलाय. उंची वाढली की उसवायचा.

काल मेट्रोची परीक्षा झाली. वनाझला सामान तपासायच्या पट्ट्यावर बॅग आडवी टाकली तेव्हा माझा श्वास अडकला, कारण ते रबरी पडदे पार करून पलीकडे सामान कसं धाडकन येतं ते तुम्हाला ठाऊक आहे. गळू वरच्या बाजूला ठेवून टाकली होती. एक्स-रेच्या पडद्यावर बघणाऱ्या बाईंनी सहकाऱ्याला बोलावून दाखवलं. दोघी बराच वेळ त्या नळ्यांच्या जिलबीकडे बघत राहिल्या. “वाजतं का?” “वाजतं.” “मग वाजवून दाखव.” दाखवलं नाही, गाडी आली होती.

बॅगेसकट वजन पावणेअकरा किलो. जिने लेक स्वतः चढली.

एक कबुली राहिली. रविवारात नेण्याच्या आदल्या दिवशी लिफ्टच्या जाळीला लागून बुडाला पोचा पडलाय. कसब्यात तांबट आळीत जाऊन आले. तिथल्या गृहस्थांनी बुडावरून हात फिरवला आणि म्हणाले, “घागर असती तर आतून हातोडी लावली असती. ह्याच्यात हातच जात नाही, मी बाहेरून ठोकलं तर आणखी बिघडेल.” पैसे घेतले नाहीत. वर पितळ ठोकून ठोकून कडक होतं, मग तडकतं, हेही समजावून सांगितलं. काका, तुमच्या ओळखीचं कोणी?

---

प्रेषक: खडकीचे काका
रविवार, ६.२०

तांबटाने खरं सांगितलं. आतून पोलादी गोळी सोडायची, बाहेरून जोरदार लोहचुंबक फिरवायचा, गोळी पोचा दाबत जाते. बँडवाल्यांची दुरुस्ती करणारा एक माणूस माझ्या माहितीत आहे. पण गणपती होईपर्यंत त्याच्याकडे जाऊ नकोस, त्याला जेवायला वेळ नसतो. सूर लागतोय ना? मग थांब.

पुढच्या रविवारी दोघी खडकीला या. ती चुंबळ मला बघायची आहे.

---

प्रेषक: ॲन आर्बरचा बास
रविवार

माझ्या बॅगेत भोंग्याखाली नुसता सपाट फोम आहे. आताच उलटी करून पाहिली. कडेखाली तो दबून अर्धा झालाय.

ताई, डिसेंबरात तुमचे बंधू रिकाम्या हाताने येणार असतील तर परतताना त्या काकांकडून एक चुंबळ आणायला सांगा. माझा व्यास ४७. आणि तुम्हाला इकडून काय पाठवू?

---

प्रेषक: कोथरूडकर
रविवार

रोटरचं तेल, दोन बाटल्या. पेटी विकलेली नाही, सासूबाईंनी तिच्यात गोधड्या भरून ठेवल्यात.