शेजारी सोडून चार हजार किलोमीटरवर खेळायला कशाला जायचं? (पॅक-१२ आणि कॉलेज फुटबॉल)

दोन पलूस (धागाकर्ता)

माझं गाव सांगली जिल्ह्यातलं पलूस. एमएस करायला आलो तो वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला, पुलमनला. तिथल्या गव्हाच्या टेकड्यांच्या मुलखाचं नावही कानाला पलूसच लागतं. पहिल्या आठवड्यात कुणीतरी ते उच्चारलं तेव्हा मला क्षणभर घरी असल्यासारखं झालं होतं. आता सिअ‍ॅटलजवळ नोकरीला आहे, पण फॉलमधल्या शनिवारी अंगावर वॉशिंग्टन स्टेटची किरमिजी जर्सीच असते.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडं. इथली विद्यापीठं 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांत खेळतात. मॅचेस मुख्यतः गटातल्या संघांशी, आणि टीव्हीचे हक्क गट मिळून विकतो. आमच्या पश्चिम किनाऱ्याचा गट १९१५ साली पोर्टलंडमध्ये चार विद्यापीठांनी काढला: कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ऑरेगन आणि आजचं ऑरेगन स्टेट. आमचं वॉशिंग्टन स्टेट १९१७ मध्ये आलं. मध्ये एकदा मोडून पुन्हा उभा राहिला, नावं बदलली, आणि २०११ मध्ये कोलोरॅडो व युटा आल्यावर तो पॅक-१२ झाला.

मग ३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी बिग टेन या मध्य-पश्चिमेतल्या गटात जायचं जाहीर केलं. वर्षभराने कोलोरॅडो गेलं. ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात पाच जण गेले: ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, दोन्ही अ‍ॅरिझोना (युनिव्हर्सिटी आणि स्टेट) आणि युटा बिग १२ या आणखी एका गटात. महिनाभरात स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कली) यांना एसीसी, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने, घेतलं. या नावातला पहिला शब्द 'अटलांटिक' आहे, आणि ही दोन्ही विद्यापीठं पॅसिफिकच्या काठावर आहेत. मागे उरलो आम्ही आणि ऑरेगन स्टेट. चार संस्थापकांपैकी एक!

माझं म्हणणं एवढंच की कॉन्फरन्स म्हणजे शेजार. ज्याच्याशी खेळतो तो सोमवारी ऑफिसात शेजारच्या टेबलावर असला पाहिजे. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनशी आमची मॅच, म्हणजे ॲपल कप, १९०० पासूनची. माझा एक सहकारी तिथला. आमच्यात ठरलेलं होतं, हरेल त्याने सोमवारी दुसऱ्याची टोपी घालून यायचं. ही मॅच नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या आसपास व्हायची. पुलमनला असली की कधी कधी बर्फात. अख्खा सीझन वाया गेला असला तरी तेवढी जिंकली की हिवाळा बरा जायचा.

आता ती सप्टेंबरात होते. २०२४ ला आम्ही २४-१९ जिंकलो, २०२५ ला पुलमनला ५९-२४ असे हरलो. दोन्ही वेळा सहकारी म्हणाला, "हो, पण आमचा खरा सीझन पुढे आहे." ते वाक्य मला २०२५ च्या पराभवाहून जास्त लागलं. त्यांचा खरा सीझन म्हणजे काय? २०२४ ला एका शुक्रवारी रात्री पार न्यू जर्सीला जाऊन रटगर्सशी खेळले, २१-१८ हरले. रटगर्सला शिकलेला एकही माणूस आमच्या मजल्यावर नाही.

फुटबॉलला टीव्हीचा पैसा लागतो, हे मला कळतं. मग फुटबॉलचा गट वेगळा करा, आणि बाकीचे सगळे खेळ परत शेजाऱ्यांकडे आणा. कुणाला पटतंय?

---

बदकप्रेमी

असहमत. मी ऑरेगनचा, युजीनला पाच वर्षं काढली.

गट आम्ही मोडला असं चित्र तुम्ही उभं केलंत. लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं गेली तेव्हाच टीव्हीवाल्यांच्या लेखी या गटाची किंमत पडली होती. त्यानंतर तेरा महिने सगळे थांबले. शेवटी हातात काय आलं, तर ॲपलचा स्ट्रीमिंगचा प्रस्ताव, ज्यात किती लोक वर्गणी भरतात त्यावर पैसे अवलंबून. तुमच्या विद्यापीठाला बिग टेनने त्या सकाळी फोन केला असता तर तुम्ही नाही म्हणाला असतात का? आणि बिग टेननेही आम्हाला टीव्हीच्या पैशाचा पूर्ण वाटा दिला नाही. सुरुवातीची काही वर्षं साधारण अर्ध्यावर आहोत. हावरट माणूस अर्ध्यावर जात नाही, घाबरलेला जातो.

आता खेळाबद्दल. १२ ऑक्टोबर २०२४ ला ओहायो स्टेट युजीनला आली आणि आम्ही ३२-३१ जिंकलो. तसा आवाज मी त्या स्टेडियममध्ये कधी ऐकला नव्हता. पहिल्याच वर्षी एकही मॅच न हरता बिग टेन जिंकलो. जुन्या गटात आमच्या निम्म्या मॅचेस पूर्वेकडची माणसं झोपल्यावर सुरू व्हायच्या. आमच्या पोरांना देशाने बघितलंच नव्हतं.

---

दोन पलूस

बदकप्रेमी, घाबरलेला माणूस जातो हे पटलं. पण त्याच सीझनचा शेवट आठवा. १९४७ पासून रोझ बोल, म्हणजे नव्या वर्षाच्या सुरुवातीची मानाची मॅच, म्हणजे आमचा विजेता विरुद्ध बिग टेनचा विजेता. मध्ये काही वर्षं वेगळे संघ आले, पण लोकांच्या मनात तो पश्चिम विरुद्ध मध्य-पश्चिम असाच राहिला. १ जानेवारी २०२५ ला तिथे खेळलात तुम्ही आणि ओहायो स्टेट. दोघंही बिग टेनचेच. ४१-२१ हरलात तेव्हा मला वाईट वाटलं, आणि ऑरेगनसाठी वाईट वाटण्याची माझी ही पहिलीच वेळ. पश्चिमेच्या बाजूने तिथे कुणी नव्हतंच.

---

शिवाजी पार्क कट्टा

अमेरिकेतलं फुटबॉल मला कळत नाही, पण हा प्रकार ओळखीचा वाटतो. रणजीतही २००२ पर्यंत विभाग होते. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र. दर वर्षी तेच पाच जण एकमेकांशी. मग एलिट आणि प्लेट असे ताकदीनुसार गट आले, विभाग गेले. मुंबई-महाराष्ट्र मॅच दर वर्षी ठरलेली असायची ती राहिली नाही. आमच्या वडिलांना ते कधीच आवडलं नाही. पण खेळ सुधारला असं माझं मत. दुबळ्या विभागातून फुकट पुढे जाणं थांबलं. तुमच्याकडेही तसंच नसेल कशावरून?

---

दोन पलूस

कट्टा, एक मोठा फरक आहे. रणजीत वरच्या गटात जायचं तर मैदानावर जिंकावं लागतं. इथे कोण कुठल्या गटात जाणार हे टीव्ही बघणाऱ्यांच्या संख्येवर ठरलं. ऑरेगन स्टेटने सुमारे १६ कोटी डॉलर घालून स्टेडियमची अख्खी एक बाजू नवी बांधली, ती २०२३ ला पूर्ण झाली, आणि त्याच उन्हाळ्यात त्यांचा गट गेला. बेसबॉलमध्ये ते तीनदा राष्ट्रीय विजेते (२००६, २००७, २०१८). २०२५ मध्ये त्यांना बेसबॉलसाठी गटच नव्हता. देशभर फिरून कुणाच्याही मैदानावर खेळले आणि तरी ओमाहाला होणाऱ्या कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम टप्प्यापर्यंत, पोचले. वरच्या गटात जायला याहून काय करून दाखवायचं असतं?

---

आकडेमोड

भावना समजतात, पण हिशोब मांडू या.

हे सगळं १९८४ पासून सुरू आहे. त्याआधी कुणाची मॅच टीव्हीवर किती वेळा दाखवायची हे एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना, ठरवायची. ओक्लाहोमा विद्यापीठाचं मंडळ कोर्टात गेलं आणि सुप्रीम कोर्टाने ७-२ ने निकाल दिला की ही मक्तेदारी बेकायदा आहे. त्या दिवसापासून गट म्हणजे टीव्ही हक्क विकणारी सहकारी संस्था. साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ ला संपली. तुमची पाळी उशिरा आली इतकंच.

दुसरं, पॅक-१२ मध्ये शेवटची दहा-बारा वर्षं टीव्हीच्या पैशाचे समान वाटे होते. म्हणजे लॉस एंजेलिसच्या बाजारपेठेने कमवायचं आणि पुलमनने तेवढंच घ्यायचं. तुम्ही त्याला शेजार म्हणता, यूएससी त्याला अनुदान म्हणत असेल. २०१२ मध्ये गटाने स्वतःचं चॅनल काढलं, भागीदार न घेता. डायरेक्टटीव्ही या मोठ्या सॅटेलाइट टीव्ही कंपनीने ते कधी दाखवलंच नाही. बिग टेनने फॉक्स या टीव्ही कंपनीला भागीदार घेऊन चॅनल चालवलं आणि २०२२ मध्ये सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरच्या वरचा करार केला. घर पोखरलं होतं ते आतून.

आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी २.०५ कोटी डॉलरपर्यंत. ज्या पोरांच्या जिवावर हा सगळा व्यवहार चालतो त्यांना ते मिळायलाच हवेत. पुलमनची टेकडी कितीही सुंदर असली तरी हा पैसा तिथून येणार नाही.

---

मायलेकी

मी सहसा लिहीत नाही. माझी मुलगी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठात व्हॉलीबॉल खेळते. कुठल्या ते सांगत नाही. गट बदलल्यापासून तिच्या अर्ध्या मॅचेस दोन-तीन टाइमझोन पलीकडे असतात. गुरुवारी निघायचं, शुक्रवारी एक मॅच, रविवारी दुसऱ्या गावात दुसरी, मध्यरात्री परत, सोमवारी नऊला ऑरगॅनिक केमिस्ट्री. मागच्या महिन्यात तिने परीक्षा हॉटेलच्या लॉबीत बसून दिली, कोचच्या देखरेखीखाली. पूर्वी आम्ही गाडी काढून निम्म्या मॅचेसना जायचो, डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घेऊन. तिच्या मैत्रिणी वाट बघायच्या त्या डब्याची. आता मोबाइलवर बघतो.

आकडेमोड, तुमचा हिशोब मला विद्यापीठाच्या सभेतही ऐकवला गेला: फुटबॉलचा पैसा नसता तर हिची शिष्यवृत्ती नसती. असेल. पण तिच्या व्हॉलीबॉलसाठी कुठलाही टीव्हीवाला तिला चार हजार किलोमीटर बोलवत नाहीये. तिला का पाठवता?

---

बदकप्रेमी

मायलेकी ताई, तुमच्या मुद्द्यावर मी गप्प. फुटबॉलची टीम वर्षाला चार-पाच वेळा विशेष विमानाने जाते आणि त्याच रात्री घरी येते. व्हॉलीबॉल, सॉकर, सॉफ्टबॉलवाल्यांचं तसं नाही. धागाकर्त्याची शेवटची सूचना मी पहिल्यांदा नीट वाचली नव्हती. पण ते होणार कसं? ज्या गटाचं फुटबॉल, त्याचेच बाकीचे खेळ, असे करार आहेत ना?

---

दोन पलूस

होऊ शकतं, कारण होतंच आहे. बिग टेनमध्ये पुरुषांचं व्हॉलीबॉल नाही. म्हणून यूसीएलए आणि यूएससीचे पुरुष संघ स्टॅनफर्डबरोबर माउंटन पॅसिफिक फेडरेशन या पश्चिमेतल्या वेगळ्या गटात खेळतात. वॉटरपोलोचंही तेच. म्हणजे एकाच विद्यापीठात पुरुषांचा व्हॉलीबॉल संघ शेजाऱ्यांशी खेळतो आणि महिलांचा संघ मेरिलँडला जातो. मायलेकी ताई, पुढच्या सभेत हे विचारा.

---

सॅन होजे स्टेट, एमएस

चांगलं चाललंय. आता माझंही ऐका, दोन पलूस.

२०२४ मध्ये तुम्हा दोघांना (वॉशिंग्टन स्टेट आणि ऑरेगन स्टेट) गटच उरला नव्हता, मॅचेस कुणाशी खेळायच्या हा प्रश्न होता. आमच्या माउंटन वेस्ट या गटाने तुमच्याशी करार केला. आमचं सॅन होजे स्टेट २० सप्टेंबरला पुलमनला आलं. दोन ओव्हरटाइम, ५४-५२ ने तुम्ही जिंकलात. मी सोफ्यावर उभा राहून बघत होतो.

त्याच महिन्यात तुमच्या पॅक-१२ ने आमच्या गटातून बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि फ्रेझ्नो स्टेट उचलले. मग युटा स्टेटही. फ्रेझ्नो आमचा तुमच्या ॲपल कपसारखा शेजारी. गाडीने अडीच-तीन तासांवर. त्यांचं जाणं जुलै २०२६ चं. संघ पळवले तर दंड भरू असं त्याच करारात होतं, तर दंडाचं कलमच बेकायदा आहे म्हणून तुमची मंडळी कोर्टात गेली. साडेपाच कोटी डॉलरचा मामला. बदकप्रेमींना तुम्ही शेजार शिकवलात. मग तुमचे कोण होतो आम्ही?

---

आकडेमोड

+१. हाच मुद्दा मी लिहिणार होतो.

---

दोन पलूस

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण उत्तर सुचत नव्हतं.

ती ५४-५२ ची मॅच मी स्टेडियममध्ये बसून पाहिली. तुमचे लोक कमी होते, पण शेवटपर्यंत उभे होते, आणि बाहेर पडताना आम्ही त्यांना हात मिळवून "आलात, बरं वाटलं" म्हणालो होतो. चार दिवसही झाले नव्हते तेव्हा पहिल्या चार जणांना घेतल्याची बातमी जुनी होऊन पुढच्यांची चर्चा चालू होती. मला तेव्हा आनंद झाला होता, हे इथे कबूल करतो. आमचा गट वाचला एवढंच डोक्यात होतं. सॅन होजे आणि फ्रेझ्नोचा विचार मनात आला नाही.

दोन संघांचा गट चालत नाही, एनसीएएने आठ करायला दोन वर्षांची मुदत दिली होती, ही कारणं मी सांगू शकतो. पण बदकप्रेमींनीही मला हीच कारणं सांगितली होती. तुमचा राग रास्त आहे. दंड भरायला हवा असं माझं मत आहे, आणि माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाला मी ते लिहिणार आहे.

---

सॅन होजे स्टेट, एमएस

लिहा. आणि फ्रेझ्नोशी दर वर्षी एक मॅच ठेवा, तेही लिहा. तारीख कुठलीही चालेल.

---

मायलेकी

वॉटरपोलोवाला मुद्दा छापून घेतलाय, डिसेंबरच्या सभेत विचारते. आता उठते. पोरीचं विमान रात्री एकला उतरतंय आणि सकाळी नऊला तिचा वर्ग आहे. डबा भरून नेते, गाडीतच खाईल.