तातडीने मदत हवी – स्क्रीन फाटतेय आणि तो सोडत नाही

निशाचर८
नमस्कार मंडळी. पाण्याखालच्या गेममध्ये अडकलोय. पावणेदोन तास एकाच बोगद्यात फिरतोय. तो जवळ आला की स्क्रीनवर रेषा, ठिपके, सगळं चित्र फाटल्यासारखं होतं, कानात किर्रर्र. मला काही दिसत नाही आणि मग मरतो. पहिल्या फटक्याला लंगडत उठवतो, दुसऱ्याला परत मागून सुरुवात. गोष्ट जबरदस्त आहे म्हणून सोडवत नाही, नाहीतर कधीच अनइन्स्टॉल केला असता. दोनच प्रश्न. स्क्रीनचं काय करू? आणि यापुढे असली लपाछपी किती आहे? जास्त असेल तर आत्ताच सांगा, सरळ झोपतो. गूगल कर म्हणू नका, गूगल केलं की शेवट कळतो.

पंखा_फुल्ल
ग्राफिक्स कार्ड कोणतं आहे? ड्रायव्हर कधीचा? रेषा आणि ठिपके ही कार्ड तापल्याची लक्षणं आहेत. विंडोजच्या सेफ मोडमध्ये मशीन सुरू करा, आधीचा ड्रायव्हर पूर्ण काढून टाका (नुसता वरून नवा टाकू नका), मग मशीन नेहमीसारखं सुरू करून नवा टाका. कॅबिनेट उघडून धूळ काढा. माझ्याकडे हुबेहूब असंच झालं होतं.

चकवा
गेमचं नाव?

दर्यावर्दी
पाण्याखाली म्हणजे बायोशॉकच. त्या डायव्हरच्या सूटातल्या धिप्पाड गड्याला समोरून भिडायचं नाही. आधी सापळे लावून ठेवायचे, मग लांबून डिवचायचं. २००७ चा गेम आहे पण अजून तोडीस तोड काही आलं नाही.

निशाचर८
@दर्यावर्दी, माझ्या हातात काहीही नाही. बंदूक असती तर धागा काढला असता का?

दर्यावर्दी
मग स्टिल वेक्स द डीप. त्यात शस्त्र नाही. १९७५ सालची गोष्ट, उत्तर समुद्रातली तेल काढायची रिग. २०२४ ला आला. तिथले लोक स्कॉटिश बोलतात ते ऐकायलाच खेळावा.

चकवा
अहो, रिग पाण्यावर असते. धागाकर्ते खाली म्हणतायत.

निशाचर८
सोमा!! एवढं लिहिलंय त्यावरून कळायला हवं होतं.

चकवा
कुठून कळणार? "पाणी, बोगदा, तो" एवढ्यावर आम्ही पत्रिका मांडायची का? आता नीट सांगा. पीसी की कन्सोल? कोणत्या भागात आहात? आणि रेषा फक्त तो जवळ असतानाच येतात की मेन्यूतही?

निशाचर८
पीसी. मेन्यूत कशाला येतील, तो जवळ आला कीच येतात. भागाचं नाव लक्षात नाही. त्या मेलेल्या ब्रँडनला कॉम्प्युटरमध्ये उठवून त्याच्याकडून कोड काढायचा तो भाग झाला. मग जे यान मिळणार होतं ते हातचं गेलं आणि आता खाली बोगदे.

सावकाश
म्हणजे थीटा, समुद्रतळावरचं ते केंद्र. मग तुमच्या कार्डाला काही झालेलं नाही. ती फाटणारी स्क्रीन गेमनेच ठेवलेली आहे. त्या राक्षसांपैकी कोणीही जवळ आला की नायकाच्या नजरेत बिघाड होतो, आणि टक लावून पाहिलंत तर जास्तच. नायकाला असं का होतं ते गोष्टीतच आहे, एव्हाना अंदाज आला असेल. तुम्ही त्याच्यावर नजर ठेवायला जाताय आणि स्वतःच आंधळे होताय.

ही त्या कंपनीची जुनी खोड आहे. फ्रिक्शनल गेम्स, स्वीडनची. २०१० च्या अ‍ॅम्नेशियातही राक्षसाकडे पाहिलं की मनाचा तोल ढळायचा, अंधारात नुसतं उभं राहिलं तरी ढळायचा. बघितल्याशिवाय चैन पडत नाही आणि बघितलं की शिक्षा, यावर त्यांचं दुकान चालतं.

आता मुद्द्याचं. बोगद्यातले ते आंधळे आहेत. आवाजावर येतात. तुम्ही पळताय का?

निशाचर८
अर्थात पळतोय! मागे लागल्यावर काय करायचं?

सावकाश
तिथंच घोळ आहे. वाकून चाला. तो समोरून आला तरी भिंतीला चिकटून थांबा, हलू नका, जाऊ द्या त्याला. हाताला लागेल ती वस्तू उचलून विरुद्ध बाजूला भिरकावा, तो तिकडे जातो.

पंखा_फुल्ल
गेमचा इफेक्ट असेलही, पण तापमान बघायला काय जातं? मी तरी आधी ड्रायव्हरच करीन.

एकटा_जीव
एवढा त्रास कशाला करून घेता? सेफ मोडमध्ये खेळा.

निशाचर८
केलं. रीस्टार्ट करून विंडोज सेफ मोडमध्ये आणलं. गेम उघडतच नाही. रिझोल्यूशनपण बिघडलं.

एकटा_जीव
😂😂 अहो विंडोजचा नाही! सोमाचा स्वतःचा सेफ मोड आहे. डिसेंबर २०१७ मध्ये आला, मूळ गेमनंतर दोन वर्षांनी. राक्षस फिरतात पण मारत नाहीत. नवा गेम सुरू करताना विचारतं. त्याआधी लोकांनी स्वतःच मॉड (खेळणाऱ्यांनी गेममध्ये केलेला बदल) बनवून राक्षसांचे दात काढले होते, मग कंपनीने अधिकृत केलं.

निशाचर८
म्हणजे पहिल्यापासून? सहा तास झालेत माझे. नको.

रात्रपाळी
सेफ मोडमध्ये भयकथा म्हणजे पोहायला शिकायचं पण पाण्यात नाही उतरायचं. राक्षस मारणारच नाही हे कळलं की मग तो फर्निचर. थीटाच्या बोगद्यात माझे हात घामेजले होते, माऊस निसटत होता. तो अनुभव काढून टाकलात तर उरतं काय? आठ-दहा तास कॉरिडॉर चालायचे आणि भिंतीवरच्या चिठ्ठ्या वाचायच्या.

जागरण
उरतं काय? सगळं उरतं. मी सेफ मोडमध्येच खेळले आणि आठवडाभर डोक्यातून गेला नाही. ब्रँडनचा प्रसंग घ्या, धागाकर्त्यांनी आत्ताच पार केलाय. त्यात एकही राक्षस नाही. एक खोली, एक पडदा, एक बटण. त्याला जागं करायचं, त्याच्याभोवती कुठला देखावा उभा करायचा ते आपण ठरवायचं. काहीतरी चुकतंय असं वाटलं की त्याचा ताण चढत जातो, आवाज फुटतो. मग आपण काय करतो? बंद करतो. पुन्हा जागं करतो. त्याला मागचं काही आठवत नाही, तो पुन्हा त्याच भाबडेपणाने विचारतो की आपण कुठे आहोत. दुसऱ्या खेपेला मला वाईट वाटलं होतं. पुढच्या खेपेला मी नुसती वैतागले होते, "अरे सांग ना लवकर". ते लक्षात आलं तेव्हा मी हेडफोन काढून ठेवले. याहून भीतिदायक कुठला राक्षस आहे त्या गेममध्ये ते सांगा.

सावकाश
+१. आणि ते प्रेतांच्या जवळ गेल्यावर ऐकू येणारे शेवटचे क्षण. डोक्यातली चिप, शेवटचे काही सेकंद रेकॉर्ड झालेले. आपण हात लावायचा आणि ऐकायचं. एक-दोन ठिकाणी तर मी नको वाटून पुढे गेलो आणि परत आलो, कारण ऐकलं नाही तर त्या माणसाचं कोणीच ऐकलं नाही असं होईल.

पण @जागरण, एक मान्य करा. बोगद्यात जीव मुठीत धरून आल्यावर जी शांत खोली मिळते ना, तिच्यात ती रेकॉर्डिंग जास्त लागतात. राक्षस पूर्ण टाकाऊ नाहीत.

जागरण
टाकाऊ नाहीत, पण चांगले जमलेलेही नाहीत. गोष्ट रंगात आली की मध्ये हा टोलनाका उभा. त्याला चुकवून जायचं, पलीकडे परत गोष्ट. एलियन आयसोलेशन (२०१४) मध्ये तो प्राणी हाच गेम आहे, तो शिकतो, माळ्यावरून येतो, तुम्ही कुठे लपता ते हेरतो. इथे दर ठिकाणी नवा नियम, तो नीट कळेपर्यंत दोनदा मरायचं, आणि तिसऱ्यांदा भीती गेलेली असते, उरतो फक्त वैताग. धागाकर्त्यांचंच बघा, पावणेदोन तासांत ते घाबरलेत का? चिडलेत.

निशाचर८
चिडलोय हे खरं आहे.

रात्रपाळी
वाकून न चालल्यामुळे चिडलेत. गेमचा काय दोष?

जागरण
आंधळा आहे हे गेमने कुठे ठासून सांगितलं?

रात्रपाळी
त्याचं तोंड बघितलंत तर कळतं.

जागरण
बघायचं नाही ना पण! बघितलं की स्क्रीन फाटते!!

चकवा
हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. 😀

डोंगरवाट
मला अशा सगळ्याच गेममध्ये चक्कर येते. पहिल्या व्यक्तीच्या नजरेतून चालताना डोकं हलतं त्यामुळे. दर वीस मिनिटांनी उठावं, लांब खिडकीबाहेर बघावं. हेड बॉब बंद करता येतो का तेही सेटिंगमध्ये शोधा. खोलीत दिवा चालू ठेवा.

निशाचर८
चक्कर येत नाहीये हो मला. धन्यवाद.

कोरा_कागद
राक्षस वगैरे ठीक, पण या गेमचा खरा कच्चा दुवा म्हणजे नायक सायमन. टोरांटोतला साधा पोरगा, अपघातानंतर मेंदूचा स्कॅन करायला जातो आणि खुर्चीतून उठतो तो थेट समुद्राच्या तळाशी, सालही भलतंच. इथपर्यंत झकास. पण मग त्याच्या सोबतीला असलेली कॅथरीन त्याला एक गोष्ट समजावते, पुन्हा समजावते, आपल्याला पहिल्याच वेळी कळलेलं असतं, आणि हा बाबा तरीही तेच विचारतो. शेवटी तर [संपादित : रसभंग. कृपया पुढचे प्रसंग लिहू नयेत, धागाकर्ते अजून थीटात आहेत. – संपादक]

निशाचर८
अरे!! अर्धं वाचलं मी ते संपादित व्हायच्या आत.

कोरा_कागद
सॉरी. पण फार काही सांगितलं नव्हतं.

सावकाश
काही न फोडता उत्तर देतो. सायमन मठ्ठ नाही. त्याला कळतं, पण पचत नाही. ज्या दिवशी खरंच पचेल त्या दिवशी त्याला पुढचं पाऊल टाकता येणार नाही. माझ्या घरात एकाला मोठ्या आजाराचं निदान झालं होतं तेव्हा तोही डॉक्टरांना दर भेटीत तोच प्रश्न विचारायचा, शब्द थोडे बदलून. डॉक्टरांचं उत्तर त्याला पाठ होतं.

कोरा_कागद
हे पटतं. पण मग लिहिणाऱ्याने ते दाखवायला हवं होतं. मला तो घाबरलेला कमी आणि ढ जास्त वाटला. आवाज देणाऱ्यानेही काही ठिकाणी फारच सपाट बोललंय. कॅथरीन मात्र अस्सल. थोडी तुसडी, थोडं लपवणारी.

एकटा_जीव
अवांतर : सोमा म्हणजे ग्रीकमध्ये शरीर. नावातच सगळं आहे. आपल्या सोमरसाशी संबंध नाही, मी आधी तेच समजलो होतो.

दर्यावर्दी
बायोशॉकमध्येही...

चकवा
नको.

निशाचर८
झालं!!! वाकून गेलो. एकदा तर तो एवढ्या जवळून गेला की त्याचा श्वास आधी डाव्या कानात आणि मग उजव्या कानात आला. मी खरोखरचा श्वास रोखून बसलो होतो, माझा श्वास त्याला ऐकू जाणार नाही हे माहीत असून. फेकायला हाताला एक कप लागला, तो कोपऱ्यात भिरकावला, राक्षस तिकडे वळला, मी निसटलो. @सावकाश, तुमचे उपकार. @रात्रपाळी, हे सेफ मोडमध्ये झालं नसतं हे मान्य. @जागरण, पण त्याआधीचे पावणेदोन तास वाया गेले हेही मान्य.

दुसरा प्रश्न राहिलाच. पुढे असलं किती आहे?

सावकाश
आहे अजून, पण एकाच जागी एवढं अडकाल असं नाही. पुढे तळ आणखी खोल जातो. बाहेर समुद्रात चालायचे भाग येतील तिथे दिव्यांची रांग सोडू नका, एवढंच सांगतो.

जागरण
आणि घाईने संपवू नका. ओमिक्रॉन या पुढच्या केंद्राला पोचलात की इथे लिहा.

निशाचर८
(तीन दिवसांनी) ओमिक्रॉन झालं. जागरण यांनी का लिहायला सांगितलं ते कळलं.

खुर्चीत जो बसलेला असतो त्याचं तुम्ही काय केलंत? मी दहा मिनिटं तिथे उभा होतो. राक्षस नाही, वेळेचं बंधन नाही, स्क्रीनपण स्वच्छ. काहीतरी केलं आणि निघालो, आता जेवताना सारखं तेच.

रात्रपाळी
मी काय केलं ते इथे नाही लिहिणार.

जागरण
मीही नाही.

कोरा_कागद
मी तर परत मागून खेळून दुसरं केलं. त्यानेही बरं वाटलं नाही.

पंखा_फुल्ल
स्क्रीन स्वच्छ झाली म्हणताय, म्हणजे ड्रायव्हर टाकला ना शेवटी? कोणतं व्हर्जन ते लिहून ठेवा, पुढच्यांना उपयोग होईल.