तंतुमय आहाराने मनःस्थिती खरोखर सुधारते का?

रामबागकर, इंदूर
प्रीबायोटिक तंतूंचा, म्हणजे आतड्यातील उपकारक जीवाणूंचे खाद्य ठरणाऱ्या तंतूंचा, मनःस्थितीशी संबंध आहे, हे मला आता पटू लागले आहे. कांदा, लसूण, गहू यांतील इन्युलिनसारखे तंतू लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातील जीवाणू ते आंबवून ब्युटिरेटसारखी मेदाम्ले तयार करतात, आणि ही आम्ले आतड्याच्या अस्तराला पोसतात व दाह आटोक्यात ठेवण्यास मदत करतात. ऑक्सफर्डमध्ये ४५ निरोगी व्यक्तींवर तीन आठवडे झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड हे प्रीबायोटिक घेणाऱ्यांचे सकाळचे कॉर्टिसॉल (ताणाशी निगडित संप्रेरक) कमी आढळले. सकाळी पोहे-जिलबी आणि रात्री सराफ्याच्या खाऊबाजारातली कचोरी एवढ्यावर दिवस काढणाऱ्या आपल्या शहराने याचा विचार करायलाच हवा.

राजवाड्याजवळची
दादा, आपली कळकळ पोहोचली, तरी निष्कर्ष मान्य नाही. त्याच प्रयोगात फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड हे दुसरे प्रीबायोटिक घेणाऱ्या गटात असा परिणाम दिसला नाही, आणि सहभागी मुळात निरोगी होते. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१९ च्या विश्लेषणात नैराश्य व चिंतेवर प्रोबायोटिकचा (म्हणजे उपकारक जिवंत जीवाणूंचा) थोडा लाभ दिसला, प्रीबायोटिकचा मात्र नाही. मनःस्थितीशी निगडित सेरोटोनिन हे रसायन बहुतांशी आतड्यात बनते हेही वारंवार सांगितले जाते. पण आतड्यातले हे सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही, हे सांगायचे राहून जाते. माझ्या धाकट्या दिरांनी असेच काही वाचून तंतूंची पावडर सुरू केली आणि नैराश्याच्या गोळ्या स्वतःच बंद केल्या. दोन महिन्यांत ते पुन्हा अंथरुणाला खिळले. म्हणून मी इतके आग्रहाने लिहिते आहे.

स्नेहनगर
ज्यांचे आतडे संवेदनशील आहे, त्यांना कांदा-गव्हातील याच तंतूंनी पोटफुगी होते. मी स्वतः हे भोगते आहे. पोट दुखत असताना मन प्रसन्न कसे राहील?

रामबागकर, इंदूर
ताई, दिरांचे वाचून वाईट वाटले. पावडरीचा आग्रह मी सोडतो, आणि गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत, हे मूळ मतातच लिहायला हवे होते. परंतु ऑस्ट्रेलियातील २०१७ च्या चाचणीत नैराश्याच्या ६७ रुग्णांपैकी ज्यांना १२ आठवडे आहाराचे मार्गदर्शन मिळाले, त्यांतील सुमारे एकतृतीयांश रुग्णांची लक्षणे जवळजवळ ओसरली. दुसऱ्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. बहुतेकांचे उपचारही सोबत चालूच होते.

राजवाड्याजवळची
त्या आहारात मासे, ऑलिव्ह तेल, सुकामेवा असे सगळेच होते, त्यामुळे श्रेय एकट्या तंतूंना देता येत नाही. मात्र उपचारांच्या जोडीने डाळी-भाज्या वाढवायला माझी हरकत नाही. दिरांच्या ताटात आम्ही तेच करतो आहोत.