मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आईला किती दिसेल? मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. माझ्या ७४ वर्षांच्या आईला वीस वर्षांपासून मधुमेह आहे आणि तिच्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू इतका पिकला आहे की त्यातून दृष्टिपटल (डोळ्याचा आतला पडदा) दिसत नाही व ओसीटीचे (पडद्याच्या थरांच्या स्कॅनचे) चित्रही येत नाही. सोनोग्राफीत पडदा जागेवर आहे असे दिसले. मात्र पीतबिंदू, म्हणजे वाचनासाठी लागणारा पडद्याचा मधला भाग, कितपत काम करतो, हे त्यावरून कळत नाही. टॉर्चचा प्रकाश चारही दिशांनी तिला ओळखता येतो आणि बाहुलीही नीट आकुंचन पावते, ही मला आशेची बाजू वाटते. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाचे डाग असल्यामुळे, भिंग बसवल्यावरही उजव्याने वाचता येईल याची खात्री डॉक्टर देत नाहीत, आणि त्यांचा हा प्रामाणिकपणा मला पटतो.

तिला रोज पोथी वाचायची असते, म्हणून खोटी आशा दाखवण्याचे धाडस मला होत नाही. मोतीबिंदू दाट असताना पीतबिंदूची क्षमता अजमावणारी एखादी चाचणी विश्वासार्ह ठरते का, आणि मधुमेही रुग्णाच्या बाबतीत आपल्यापैकी कुणाचा प्रत्यक्ष अनुभव काय आहे, हे कृपया सविस्तर कळवावे.