रीडसाठी क्लॉक गेट केला, आता न मागितलेला डेटा येतोय

ऐरोलीकर
नमस्कार मंडळी. एमटेकच्या प्रोजेक्टसाठी डीडीआर३ मेमरी चिपच्या धर्तीवर कमांड पाथ (आलेली कमांड आत नेणारं सर्किट) लिहितेय, स्काय१३० या खुल्या चिप-तंत्रज्ञानावर. रीड (डेटा वाचण्याची कमांड) आली की ११ क्लॉकनंतर आउटपुट एनेबल, म्हणजे डेटा बाहेर सोडणारा सिग्नल, उठायला हवा. खऱ्या डीडीआर३-१६०० मध्ये क्लॉक १.२५ नॅनोसेकंदांचा, म्हणजे सीएल (रीडपासून डेटापर्यंतचे क्लॉक) ११ ला १३.७५ नॅनोसेकंद. माझी धाव १०० मेगाहर्ट्झपर्यंतच, तेव्हा हसू नका.

तर ११ फ्लॉपचं (एकेक बिट धरणाऱ्या घरांचं) साधं शिफ्ट रजिस्टर टाकलं, दर क्लॉकला बिट एक घर पुढे. गाइड सर म्हणाले, "रीड नसताना फ्लॉप कशाला नाचवतेस? क्लॉक बंद ठेव." पटलं. मग एक काउंटर लावला: रीड आली की क्लॉक उघडायचा, १२ पल्स मोजायचे (अकराव्याला एनेबल उठतो, बाराव्याला उतरतो), बंद करायचा. एकेक रीड देऊन पाहिलं तर अगदी घड्याळासारखं चाललं. सरांना दाखवून शाबासकीही घेतली.

मग ४ क्लॉकच्या अंतराने दोन रीड दिल्या. पहिलीचा एनेबल आला, दुसरीचा आलाच नाही. बरं, त्यानंतर २०० क्लॉक गप्प बसून तिसरी रीड दिली, तर एनेबल तिसऱ्या क्लॉकलाच उठला! आणि पुन्हा अकराव्याला, शहाण्यासारखा. सेटअप चुकत असेल, म्हणजे बिट क्लॉकआधी वेळेत पोचत नसेल, म्हणून क्लॉक ५० मेगाहर्ट्झवर आणला. तेच. काल रात्री साडेबारापर्यंत वेव्हफॉर्म बघत बसले, आई दोनदा डोकावून गेली. हे मेटास्टॅबिलिटीचं (फ्लॉप ० की १ यात अडकण्याचं) लक्षण आहे का? की गेटिंगचा नादच सोडू?

घणसोलीकर
मेटास्टॅबिलिटी रोज बरोबर तिसऱ्या क्लॉकला येत नसते. इतकं शिस्तीत चुकतंय म्हणजे लॉजिक चुकलंय.

कागद घे. दुसरी रीड ४ क्लॉक उशिरा शिरली. तुझा काउंटर पहिलीसाठी १२ मोजून थांबला, तेव्हा दुसरीचा बिट आठव्या फ्लॉपवर होता. क्लॉक गेला, बिट तिथेच बसला. रबाळे आणि घणसोलीच्या मध्ये गाडीची वीज गेली म्हणून आतली माणसं नाहीशी होत नाहीत ना? वीज आली की आधी तीच उतरणार. तिसऱ्या रीडने क्लॉक उघडला, उरलेले ३ फ्लॉप चालून जुना बिट बाहेर पडला. तुझं भूत ते हेच.

प्रत्येक रीडला काउंटर पुन्हा १२ वर भर, काम होईल. पण मी असतो तर काउंटरच काढून टाकला असता. अकराही फ्लॉपचा ऑर घे, त्यात नवी रीड मिळव, आणि तोच क्लॉकचा एनेबल. आत कोणी आहे तोवर क्लॉक चालू, शेवटचा उतरला की बंद. मोजायचं काही राहतच नाही.

आणि गेट केलंयस कशाने? अँड गेट म्हणू नकोस फक्त.

ऐरोलीकर
...अँड गेट.

घणसोलीकर
वाटलंच. क्लॉक हाय असताना एनेबल बदलला की अर्धवट पल्स बाहेर जातो. काही फ्लॉप हलतात, काही नाही. नुसत्या आरटीएल (कोडच्या पातळीवरच्या) सिम्युलेशनमध्ये तो दिसेलच असं नाही. स्काय१३० च्या लायब्ररीत डीएलसीएलकेपी नावाचा तयार सेल आहे, त्यात आधी लॅच असतो. क्लॉक लो असतानाच तो एनेबल आत घेतो. तोच वापर. हेच पुढे एफपीजीएवर (हवं तसं जुळवता येणाऱ्या तयार चिपवर) नेणार असशील तर क्लॉकला हातच लावू नकोस, फ्लॉपचा क्लॉक-एनेबल पिन आहे तो वापर.

जुना_हात
घणसोलीकरांचं बरोबर आहे, पण मुली, ११ फ्लॉप बंद करून वाचणार किती? आधी पॉवर रिपोर्ट काढ. क्लॉकची नेट दर फेरीला एकदा भरते आणि एकदा रिकामी होते, तिथे कपॅसिटन्स मोठा असेल तर खर्च मोठा. मेमरी चिपमध्ये तो कपॅसिटन्स फ्लॉपच्या पिनांवर कमी आणि डीएलएलपासून (क्लॉकची वेळ जुळवणाऱ्या सर्किटपासून) डीक्यू पॅडपर्यंतच्या (डेटाच्या पिनांपर्यंतच्या) लांब तारांत व बफरांत जास्त. गेट फांदीच्या टोकाला लावलास तर ती सगळी तार आधीसारखीच धडधडत राहते. फांदी जिथे फुटते तिथे गेट लाव.

दुसरं म्हणजे तुझ्या मॉडेलमध्ये एकच क्लॉक दिसतोय. खऱ्या चिपमध्ये कमांड इनपुट बफरच्या क्लॉकवर आत येते आणि डेटा डीएलएलच्या क्लॉकवर बाहेर जातो. आउटपुट ड्रायव्हरचा उशीर भरून निघावा म्हणून डीएलएलचा क्लॉक तेवढा आधी धावतो. त्यामुळे आतल्या वाटेतला उशीर किती क्लॉकचा आहे ते मोजून सीएलमधून वजा करावं लागतं. सरसकट ११ शिफ्ट करून भागत नाही. परीक्षकाने हे विचारलंच तर तोंड उघडं पडायला नको.

डीएलएल मात्र रीडगणिक बंद-चालू करायला जाऊ नकोस. रीसेटनंतर लॉक व्हायला डीडीआर३ मध्ये ५१२ क्लॉक द्यावे लागतात. स्लो एक्झिट पॉवर-डाउनमध्ये (चिपच्या सावकाश उठणाऱ्या झोपेत) तो गोठवतात, पण उठल्यावर रीडसाठी २४ नॅनोसेकंद किंवा १० क्लॉक, जे जास्त असेल तेवढं थांबावं लागतं.

अकरा इनपुटांचा ऑर तुझ्या १० नॅनोसेकंदांत आरामात बसेल. १.२५ मध्ये धाप लागेल. तिथे कमांड डिकोड होण्याची वाट न बघता चिप सिलेक्ट खाली आला की क्लॉक उघडायचा, आणि रीड नसेल तर लगेच मिटायचा. चार-दोन क्लॉक फुकट जातील, जाऊ दे.

ऐरोलीकर
काका, रिपोर्ट काढला. तुम्ही म्हणालात तसंच निघालं, शिफ्ट रजिस्टर यादीत पार खाली. गेट वरच्या बफरपाशी नेला, सेलही बदलला.

ऑर केला आणि भूत गेलं. पण पहिल्या रनला एनेबल उठला तो खाली येईचना! अकरावा फ्लॉप "तो तर आउटपुटच आहे" म्हणून मी ऑरमध्ये घेतलाच नव्हता. बिट शेवटच्या फ्लॉपवर पोचला आणि क्लॉक बंद, त्याला पुसायला एक पल्स उरलाच नाही. आता तोही घेतलाय. दोन रीड, तीन रीड, मध्ये २०० क्लॉकची सुट्टी, सगळं देऊन झालं, बरोबर येतंय.

सीएलमधून वजाबाकीचं अजून डोक्यात शिरलेलं नाही. शनिवारी त्यावर वेगळा धागा काढते.